पेरूच्या पानांचा अर्क दाताच्या किडीवर चालतो का? कॉलेजच्या प्रयोगशाळेत नीट तपासायची पद्धत

पेरूचं कोवळं पान चावलं की तोंड आवळतं, जीभ कोरडी पडते आणि हिरड्या घट्ट झाल्यासारख्या वाटतात. हे काम पानातल्या टॅनिनचं. टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना धरून ठेवतं, त्यामुळे तोंडातला ओलसर गुळगुळीतपणा जातो. हिरडी सुजली की पेरूच्या पानांच्या काढ्याने चूळ भरायची, दाढ दुखली की लवंग धरायची, सकाळी बाभळीची नाहीतर कडुलिंबाची काडी चावायची, हे आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या चालत आलं आहे. पण तोंड आवळणं वेगळं आणि जंतू मरणं वेगळं. जंतू मरतात की नाही हे साध्या कॉलेजच्या सूक्ष्मजीवशास्त्र प्रयोगशाळेतही तपासता येतं.

बी.एस्सी.-एम.एस्सी.चे बरेच विद्यार्थी हा विषय प्रकल्पाला घेतात. जंतू पसरलेल्या अगारच्या (जेलीसारख्या माध्यमाच्या) प्लेटवर अर्काभोवती जंतू न वाढलेलं स्वच्छ गोल वर्तुळ दिसतं, त्याचा फोटो निघतो आणि ‘अर्क प्रभावी आहे’ असं लिहून प्रकल्प बांधायला जातो. माझा आग्रह असा की काम तिथे थांबवू नये. चूळ तोंडात मिनिटभर राहते, प्लेटवर अर्क चोवीस तास बसतो. तोंडात जंतू दाताला चिकटून थराने राहतात, प्लेटवर ते मोकळे पसरलेले असतात. हा फरक ध्यानात ठेवून प्रयोग आखला, तर साध्या प्रकल्पातूनही कामाचं काही हाती लागतं.

आधी जंतू कोणता ते ठरवा

‘तोंडातले संसर्ग’ या शब्दांत बरंच काही येतं. दात किडण्यामागे मुख्यतः स्ट्रेप्टोकॉकस म्यूटन्स असतो. जे. किलियन क्लार्क यांनी १९२४ मध्ये किडलेल्या दातांतून तो वेगळा काढला. साखर मिळाली की तो दोन उद्योग करतो : आम्ल तयार करतो आणि ग्लुकन नावाचा चिकट पदार्थ बनवून दाताला घट्ट धरतो. थराखालचा पीएच साधारण ५.५ च्या खाली गेला की दाताचं कवच विरघळायला लागतं. रूट कॅनाल फसलेल्या दातांत एन्टेरोकॉकस फीकॅलिस बऱ्याचदा सापडतो. हिरड्यांच्या जुनाट आजारातला पॉर्फिरोमोनास जिंजिव्हॅलिस प्राणवायूत वाढतच नाही, त्यासाठी वेगळी यंत्रणा लागते. ती कॉलेजात नसेल तर त्याच्या वाटेला जाऊ नका. म्यूटन्स आणि फीकॅलिस हे दोन पुरेसे आहेत.

वनस्पतीही एकच घ्या. पाच झाडं, चार द्रावकं आणि सहा जंतू असा पसारा मांडला की प्रत्येक गोष्ट एकदाच होते, आणि एकदाच केलेल्या प्रयोगाला किंमत नसते. एक वनस्पती, दोन द्रावकं, दोन जंतू आणि प्रत्येक प्रयोग वेगवेगळ्या दिवशी तीनदा, एवढं एका सत्रात नीट होतं. इथे मी पेरू धरून लिहितो. त्याच्या पानांत टॅनिनबरोबर क्वेर्सेटिन आणि ग्वायाव्हेरिन ही फ्लेव्होनॉइड्स असतात, आणि पानं बारा महिने मिळतात.

घरगुती उपायांची माहिती गावात फिरून गोळा करणार असाल, तर मिश्रीचं नाव हमखास निघेल. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखू. तिला दंतमंजनांच्या यादीत बसवू नका. ती तोंडाच्या कर्करोगाच्या कारणांपैकी एक आहे, हे माहिती देणाऱ्या बाईलाही तिथेच सांगून या.

पानं गोळा करणं आणि ओळख पटवणं

पेरू ओळखायला कुणी चुकणार नाही, पण अहवालात ‘आम्ही ओळखला’ एवढं चालत नाही. फुलं किंवा फळं असलेली फांदी दाबून वाळवा, हर्बेरियम शीट करा आणि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतून किंवा भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या पश्चिम विभागीय केंद्रातून ओळख पटवून घ्या. नमुन्याला क्रमांक मिळतो, तो अहवालात द्यायचा. बाभूळ घेतली असेल तर हे जास्तच गरजेचं, कारण वेडी बाभूळ हे पूर्ण वेगळं झाड आहे आणि रस्त्याकडेला तीच जास्त दिसते.

बागेतली पानं घेणार असाल तर मालकाला शेवटची फवारणी कधी झाली ते विचारा. पानावर बुरशीनाशक किंवा ताम्रयुक्त औषध असेल, तर प्लेटवर त्याचाच परिणाम दिसेल आणि श्रेय पेरूला जाईल. परसातलं, कधीच न फवारलेलं झाड उत्तम. पूर्ण वाढलेली, कीड नसलेली पानं घ्या. जागा, तारीख आणि त्या वेळी झाडावर बहार होता का, याची नोंद करा. ऋतूप्रमाणे पानांतली द्रव्यं कमीजास्त होतात.

पानं वाहत्या पाण्याखाली आणि मग डिस्टिल्ड पाण्याने धुवा, सुती कापडावर एकेरी पसरा, सावलीत वाळवा. उन्हात वाळवू नका. हवा कोरडी असेल तर आठ-दहा दिवस लागतात. पावसाळ्यात कोकणात किंवा घाटमाथ्यावर पानं सावलीत वाळण्याआधी बुरसतात, तिथे ४० °से.च्या हॉट एअर ओव्हनमध्ये वाळवावीत. पान मुठीत दाबल्यावर चुरचुरून मोडलं आणि दोन दिवस वजन बदललं नाही, की ते वाळलं. मिक्सरला थांबत थांबत फिरवा, म्हणजे भांडं तापणार नाही. भुकटी चाळून घट्ट झाकणाच्या बाटलीत ठेवा.

अर्क काढणं

दोन अर्क काढा : एक पाण्यातला, कारण घरात काढा पाण्यातच होतो, आणि दुसरा ७० टक्के इथेनॉलमधला. बरेच जण मिथेनॉल वापरतात. मी ते टाळायला सांगतो. मिथेनॉल विषारी आहे, आणि जो पदार्थ पुढे तोंडात जाऊ शकेल असं आपण म्हणणार, तो त्यात काढण्यात अर्थ नाही. इथेनॉल कॉलेजात परवान्यावर येतं, त्यामुळे किती घेतलं ते रजिस्टरमध्ये त्याच दिवशी लिहा.

इथेनॉलसाठी ५० ग्रॅम भुकटी ५०० मि.ली. द्रावकात कोनिकल फ्लास्कमध्ये घ्या. तोंडाला कापूस आणि फॉइल लावा. शेकरवर मंद वेगाने ४८ ते ७२ तास ठेवा. शेकर नसेल तर दिवसातून चार-पाच वेळा हाताने हलवा. मग मलमलीतून गाळा, नंतर व्हॉटमन क्रमांक १ च्या कागदातून. रोटरी इव्हॅपोरेटर असेल तर ४० °से.वर द्रावक उडवा. नसेल तर चिनी मातीच्या बशीत घेऊन विजेच्या वॉटर बाथवर, फ्यूम हूडमध्ये. जवळपास बर्नर पेटलेला नसावा, शेजारच्या टेबलावरही नाही. इथेनॉलची वाफ लांबून पेट घेते.

शेवटी बशीत गर्द हिरवट-तपकिरी, गुळाच्या काकवीसारखा चिकट लगदा उरतो. रिकाम्या बशीचं वजन आधीच घेतलेलं हवं. लगद्याचं वजन भागिले भुकटीचं वजन, गुणिले शंभर, हा झाला उतारा. तो अहवालात द्यायचाच, कारण अर्क कितीही चांगला चालला तरी किती पानांतून किती मिळतो यावर त्याचा उपयोग ठरतो.

पाण्यासाठी १० ग्रॅम भुकटी १०० मि.ली. डिस्टिल्ड पाण्यात मंद आचेवर वीस मिनिटं उकळा, गार करा आणि गाळा. हा अर्क खोलीत ठेवला तर दुसऱ्या दिवशी त्यातच जंतू वाढतात. फ्रीझ ड्रायरची सोय नसेल तर दरवेळी ताजा करा. गाळलेल्या काढ्यातले ५ मि.ली. वजन केलेल्या बशीत वाळवून बघा, म्हणजे एका मि.ली.मध्ये किती अर्क आहे ते कळेल. निर्जंतुक करायला ०.२२ मायक्रॉनचा सिरिंज फिल्टर वापरा, पण आधी ५,००० आरपीएमवर पंधरा मिनिटं सेंट्रिफ्यूज करून वरचंच पाणी घ्या. नाहीतर फिल्टर पहिल्या दोन मि.ली.तच तुंबतो.

इथेनॉलच्या लगद्याचा साठा डीएमएसओ (डायमिथाइल सल्फॉक्साइड) या द्रावकात करा : २०० मि.ग्रॅ. प्रति मि.ली. गडद बाटलीत, -२० °से.ला, लहान लहान भाग करून. तोच साठा रोज वितळवणं आणि गोठवणं टाळा.

जंतू आणणं, जगवणं, ओळखणं

प्रमाणित जंतू चंदीगडच्या एमटीसीसी या सूक्ष्मजीव-संग्रहातून मागवता येतो. तिथला एमटीसीसी ८९० हा म्यूटन्स भारतात सर्रास वापरला जातो. पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या एनसीआयएम या अशाच संग्रहातही चौकशी करा. रुग्णाच्या दातावरून नमुना घ्यायचा विचार असेल, तर आधी संस्थेच्या नैतिकता समितीची परवानगी आणि रुग्णाची लेखी संमती हवी. मित्राची लाळ घेतली तरी हाच नियम.

म्यूटन्स न्यूट्रिएंट अगारवर धड वाढत नाही. त्याला बीएचआय, म्हणजे ब्रेन हार्ट इन्फ्यूजन माध्यम, ३७ °से. तापमान आणि थोडा कार्बन डायऑक्साइड लागतो. इन्क्यूबेटरला त्याची सोय नसेल तर मेणबत्तीची बरणी पुरते. रुंद तोंडाच्या काचेच्या बरणीत प्लेट्स उलट्या ठेवायच्या, वर साधी पांढरी मेणबत्ती पेटवायची आणि काठाला ग्रीस लावून झाकण बसवायचं. ज्योत आपोआप विझते, तेव्हा आत साधारण ३ टक्के कार्बन डायऑक्साइड झालेला असतो. सुगंधी किंवा रंगीत मेणबत्ती घेऊ नका.

जंतू तोच आहे ना, हे दर आठवड्याला बघा. ग्रॅम स्टेनिंगमध्ये जांभळ्या गोलांच्या साखळ्या दिसायला हव्यात. कॅटलेज चाचणीत, म्हणजे हायड्रोजन पेरॉक्साइडचा थेंब टाकल्यावर, बुडबुडे येता कामा नयेत. आणखी एक सोपी, डोळ्यांनी दिसणारी खूण आहे. बीएचआयच्या दोन परीक्षानळ्या घ्या, एकीत १ टक्का साखर घाला आणि दोन्हींत जंतू टाकून चोवीस तास तिरक्या ठेवा. मग हळूच ओतून बघा. बिनसाखरेच्या नळीतला गढूळपणा पाण्याबरोबर निघून जातो. साखरेच्या नळीत काचेवर पांढरट, खरबरीत थर तसाच चिकटलेला राहतो, पाण्याने विसळला तरी सुटत नाही. दातावर होतं ते हेच. पुढचे प्रयोग कशासाठी चालले आहेत, हे या दोन नळ्या बघितल्यावर जितकं कळतं तितकं व्याख्यानातून कळत नाही.

प्लेटवरची चाचणी

नव्वद मि.मी.च्या प्लेटमध्ये २५ मि.ली. बीएचआय अगार ओता, म्हणजे थराची जाडी ४ मि.मी. येते. जाडी कमीजास्त झाली की वर्तुळाचा आकारही बदलतो.

जंतूंची दाटी ०.५ मॅकफार्लंड या गढूळपणाच्या मानकाएवढी हवी. हे मानक घरचं करता येतं : १ टक्का गंधकाम्ल ९.९५ मि.ली. आणि १.१७५ टक्के बेरियम क्लोराइड ०.०५ मि.ली. वापरण्याआधी नळी नीट हलवून घ्या. ६२५ नॅनोमीटरवर शोषण ०.०८ ते ०.१३ च्या मध्ये यायला हवं. या दाटीला एका मि.ली.त साधारण दीड कोटीच्या दहापट, म्हणजे १५ कोटी जंतू असतात. त्यात बुडवलेला स्वॅब नळीच्या कडेला दाबून प्लेटवर तीन दिशांनी फिरवा, दरवेळी प्लेट ६० अंशांनी वळवत.

६ मि.मी.च्या निर्जंतुक कॉर्क बोअररने खळगे पाडा. तळाशी वितळलेल्या अगारचा एक थेंब सोडा, नाहीतर अर्क अगारखालून पसरतो. प्रत्येक खळग्यात ५० मायक्रोलिटर. अर्काच्या दोन-तीन तीव्रता, शेजारी तुलनेसाठी ०.२ टक्के क्लोरहेक्सिडिन हे चुळीचं औषध, आणि एका खळग्यात अर्काशिवाय तेवढंच डीएमएसओ. पाण्याच्या अर्काचा पीएच मोजा आणि त्याच पीएचचं साधं पाणी एका खळग्यात घाला. काही अर्क आंबट असतात, आणि मग वर्तुळ आंबटपणाचं असतं. अर्धा तास तशीच ठेवून मग बरणीत.

चोवीस तासांनी व्हर्नियरने मोजा. पेरू आणि बाभळीच्या खळग्याभोवती कधी कधी एक तपकिरी, धूसर कडं दिसतं. ते टॅनिन आणि माध्यमातल्या प्रथिनांचा साका असतो, जंतू मेल्याची खूण नव्हे. प्लेट काळ्या कागदावर तिरकी धरून बघा, आणि शंका असेल तर त्या कड्यातून लूपने उचलून नव्या प्लेटवर रेघ ओढा.

वर्तुळ मोठं म्हणजे अर्क जास्त जालीम, असं समजू नका. टॅनिनचे रेणू मोठे, ते अगारमधून सावकाश सरकतात. लवंगेतलं युजेनॉल लहान आहे आणि त्याची वाफही होते. दोघांची वर्तुळं शेजारी ठेवून तुलना करणं चुकीचं आहे. या चाचणीचा उपयोग पुढे जायचं की नाही हे ठरवण्यापुरताच.

एमआयसी : किती कमी पुरतं

जंतूंची वाढ रोखायला लागणारी कमीत कमी मात्रा म्हणजे एमआयसी. त्यासाठी ९६ खळग्यांची प्लेट घ्या. ओळीतल्या सगळ्या खळग्यांत १०० मायक्रोलिटर बीएचआय. साठा माध्यमात पातळ करून २० मि.ग्रॅ. प्रति मि.ली. करा, त्यातले १०० मायक्रोलिटर पहिल्या खळग्यात घाला, मिसळा आणि १०० पुढच्यात न्या. असं दहाव्यापर्यंत, आणि शेवटचे १०० टाकून द्या. मॅकफार्लंड दाटीचे जंतू शंभरपट पातळ करून प्रत्येक खळग्यात १०० मायक्रोलिटर घाला. आता पहिल्यात ५, दुसऱ्यात २.५, तिसऱ्यात १.२५ मि.ग्रॅ. अशी मात्रा उतरत जाते, आणि एका मि.ली.त सुमारे साडेसात लाख जंतू असतात.

पहिल्या खळग्यात या हिशेबाने २.५ टक्के डीएमएसओ येतं. म्हणून नुसत्या डीएमएसओची अशीच उतरती ओळ शेजारी लावा. शिवाय फक्त माध्यम, फक्त जंतू, आणि फक्त अर्क अशा ओळीही हव्यात.

अर्क तपकिरी असल्याने गढूळपणा डोळ्यांना कळत नाही. चोवीस तासांनी ०.०१५ टक्के रेझाझुरिनचे ३० मायक्रोलिटर घाला आणि दोन-तीन तासांनी बघा : निळं राहिलं तर वाढ नाही, गुलाबी झालं तर वाढ. टॅनिन स्वतःही रेझाझुरिनला गुलाबी करू शकतं. ‘फक्त अर्क’ची ओळ त्यासाठीच असते. ती गुलाबी झाली तर रंगावर विसंबू नका, सरळ अगारवर थेंब टाकून वाढ बघा. निळ्या खळग्यांतले १० मायक्रोलिटर अगारवर टाकले की जंतू मेले की नुसते थांबले, तेही कळतं.

आकडा किती आला तर चांगला? कच्च्या अर्काचा एमआयसी ०.१ मि.ग्रॅ.च्या खाली आला तर खूप उत्साहाने पुढे जा. एक मि.ग्रॅ.च्या आसपास असेल तर काढ्याच्या चुळीला ते गैर नाही, कारण चूळ आपण पातळ करून गिळत नाही. पहिल्या खळग्यातल्या ५ मि.ग्रॅ.नेही वाढ थांबली नाही तर अर्क कमकुवत आहे, आणि तसंच लिहा.

दातासारखी परिस्थिती : थर आणि मिनिटाचा हिशेब

माझ्या मते प्रकल्पाचा खरा जीव या भागात आहे. सपाट तळाच्या ९६ खळग्यांच्या प्लेटमध्ये १ टक्का साखर घातलेल्या बीएचआयमध्ये म्यूटन्स चोवीस तास वाढू द्या. माध्यम हलकेच काढून खळगे सलाइनने एकदा विसळा. तळाशी थर राहील. त्यावर अर्क घाला आणि घड्याळ लावून काही खळग्यांत एक मिनिट, काहींत पाच मिनिटं ठेवा. लगेच काढा, विसळा.

अर्ध्या खळग्यांवर ०.१ टक्के क्रिस्टल व्हायोलेट पंधरा मिनिटं, मग धुऊन ३३ टक्के अॅसिटिक आम्लात रंग विरघळवा आणि ५९० नॅनोमीटरवर मोजा. यातून थर किती उरला ते कळतं. पण हा रंग मेलेल्या जंतूंनाही लागतो. म्हणून उरलेल्या खळग्यांतला थर खरवडून, सलाइनमध्ये पातळ करत नेऊन वसाहती मोजा. मोजणीआधी क्लोरहेक्सिडिनच्या आणि अर्काच्या दोन्ही नमुन्यांना डे-एंगली माध्यमात घालून औषधाचा परिणाम थांबवा. नाहीतर ‘एका मिनिटात मेले’ असं दिसतं आणि प्रत्यक्षात ते पुढे प्लेटवर मेलेले असतात.

वेगळ्या प्लेटमध्ये जंतूंबरोबर सुरुवातीपासूनच अर्क, एमआयसीच्या निम्म्या मात्रेत, घालून बघा. कित्येकदा बसलेला थर निघत नाही, पण नवा थर कमी बसतो. पेरूसारख्या टॅनिनयुक्त अर्काकडून हीच अपेक्षा जास्त रास्त आहे, आणि ती खरी ठरली तर अर्काची जागा ब्रश झाल्यानंतरच्या चुळीत आहे, किडलेल्या दाताच्या उपचारात नाही.

वेळ उरला तर एमआयसी पुन्हा एकदा, माध्यमात बोवाइन सिरम अल्ब्युमिन, म्हणजे गाईच्या रक्तातलं प्रथिन, घालून करा. टॅनिन प्रथिनांना चिकटतं हे सुरुवातीलाच बघितलं. तोंडात लाळ असतेच. प्रथिनं घातल्यावर एमआयसी चारपट वाढला, तर तो आकडा मूळ आकड्याच्या शेजारीच छापा.

अहवाल लिहिताना

प्रत्येक आकड्यापुढे सरासरी आणि प्रमाण विचलन द्या, तीन वेगळ्या दिवशींच्या आकड्यांवर. एकाच प्लेटवरचे तीन खळगे म्हणजे तीन प्रयोग होत नाहीत. क्लोरहेक्सिडिनचे आकडे अर्काच्या शेजारच्या रकान्यात हवेत. ते औषध चांगलं काम करतं, फक्त जास्त दिवस वापरलं की दातांवर तपकिरी डाग पडतात आणि चव बिघडते, म्हणून पर्याय शोधायचा. त्याच्याहून अर्क कमी पडला तर लपवण्यासारखं काही नाही. अर्क चाललाच नाही तरी पद्धत नीट असेल तर तो निकाल पुढच्याला उपयोगी आहे.

‘पेरूच्या अर्काने दाताची कीड बरी होते’ हे वाक्य अशा प्रकल्पातून निघत नाही. ‘७० टक्के इथेनॉलच्या अर्काने अमुक मात्रेत म्यूटन्सची वाढ रोखली, आणि एका मिनिटाच्या संपर्कात थरातले जंतू इतक्याने कमी झाले’ असं लिहा.

उरलेला अर्क वर्गातल्या मुलांना चूळ भरायला देऊन बघायचा मोह होतो. देऊ नका. माणसांवर चाचणी करायची तर पेशींवरची विषारीपणाची तपासणी, नैतिकता समितीची मंजुरी आणि सीटीआरआय या वैद्यकीय चाचण्यांच्या राष्ट्रीय नोंदवहीत नोंदणी हे सगळं आधी लागतं. पेटंटचा विचार असेल तर जैवविविधता कायदा २००२ आणि चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाचे सध्याचे नियम वाचूनच अर्ज करा.

कुणी हिरडीवर पू आलेला, गाल सुजलेला किंवा ताप असलेला माणूस ‘तुमचा अर्क द्या’ म्हणून आला, तर त्याला त्याच दिवशी दंतवैद्याकडे पाठवा. मुळाशी साचलेल्या पुवापर्यंत कोणतीही चूळ पोचत नाही.

वापरलेल्या प्लेट्स, टिप्स आणि स्वॅब १२१ °से.ला वीस मिनिटं ऑटोक्लेव्ह करूनच टाका. अर्काच्या उरलेल्या बाटल्यांवर झाडाचा नमुना क्रमांक, द्रावक, तारीख आणि मात्रा लिहून त्या -२० °से.ला ठेवा, म्हणजे पुढच्या वर्षीच्या विद्यार्थ्याला त्याच अर्कावर चाचणी पुन्हा करून बघता येईल.